न उघडलेला बाहुला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१९७७ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांमधून पुठ्ठ्याचं एक मोठं चपटं पाकीट विकलं गेलं. आत खेळणं नव्हतं. पुठ्ठ्याचा एक रंगीत देखावा होता, थोडे स्टिकर होते आणि एक प्रमाणपत्र होतं. ते भरून टपालात टाकायचं, म्हणजे पुढच्या वर्षी चार छोटे बाहुले घरपोच येतील, असं त्यावर छापलं होतं. आईबापांनी हा वायदा पैसे मोजून विकत घेतला, रंगीत कागदात गुंडाळला आणि नाताळच्या झाडाखाली ठेवला. सकाळी उठून मुलांनी तो उघडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर काय उमटलं असेल, याची कल्पना तुम्ही करा.

हे बाहुले होते ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातले. जॉर्ज लुकास यांचा हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. एवढा चालेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. खेळण्यांचे हक्क एका मोठ्या कंपनीनं आधी नाकारले होते, मग ते केनर या कंपनीकडे गेले. केनर ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातली. ज्या रस्त्यावर ती सुरू झाली त्या रस्त्याचंच नाव तिनं घेतलं होतं. चित्रपटाला रांगा लागल्या, मुलं दुकानदारांना विचारू लागली आणि केनरकडे साचेसुद्धा तयार नव्हते. बाहुल्याचा साचा काही चार दिवसांत होत नाही. आधी हातानं मूर्ती घडवायची, मग पोलादात साचा कोरायचा, मग हाँगकाँगच्या कारखान्यात प्लॅस्टिक ओतायचं, रंगवायचं, जहाजानं आणायचं. नाताळ तर तोंडावर. म्हणून हा रिकाम्या पाकिटाचा तोडगा. १९७८ च्या पहिल्या काही महिन्यांत ते चार बाहुले टपालानं पोहोचलेसुद्धा: ल्यूक, राजकन्या लेया, केसाळ च्युबाका आणि आर-टू-डी-टू नावाचा पिंपासारखा बुटका यंत्रमानव. त्या एका वर्षात केनरनं ‘स्टार वॉर्स’ची चार कोटींहून अधिक खेळणी विकली.

आज मी बोलणार आहे ते हे बाहुले जमवणाऱ्या आणि त्यांची पारख करणाऱ्या माणसांबद्दल. माझ्यासारख्या मिरजेतल्या, कविता लिहिणाऱ्या साध्या बी.ए. झालेल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध भाच्यामुळे आला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा सिनसिनाटीत नोकरी करतो. २०२३ च्या उन्हाळ्यात आपा आणि मी त्याच्याकडे दोन महिने राहिलो. त्याच्या घरात एक खोली या बाहुल्यांची आहे. पहिल्या दिवशी मला ती खोली पोरकट वाटली. दुसऱ्या आठवड्यात मी तिथेच बसू लागलो.

आधी या वस्तूविषयी थोडं. उंची पावणेचार इंच. त्या काळात मुलग्यांसाठी जे सैनिक-बाहुले मिळत ते बारा इंचांचे असत. पण या चित्रपटात अंतराळयानं होती, आणि बारा इंची बाहुला आत बसेल असं यान केलं तर ते मुलाच्या खोलीत मावणार कसं? केनरचे प्रमुख बर्नार्ड लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून ‘एवढा करा’ म्हटलं आणि कुणीतरी ते अंतर मोजलं, अशी गोष्ट सांगतात. कारण खरं तर यानांचं होतं. बाहुला लहान झाला म्हणून यान परवडलं, आणि बाहुला स्वस्त झाला म्हणून एकाऐवजी दहा घेता आले. जमवण्याची सवय लागली ती या आकारामुळे.

या वस्तूला इंग्रजीत बाहुला म्हणत नाहीत. ‘अॅक्शन फिगर’ म्हणतात. १९६४ मध्ये हॅसब्रो कंपनीनं जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला तेव्हा हा शब्द काढला, कारण बाहुली म्हटलं की मुलगे घेणार नाहीत अशी धास्ती होती. आपल्या भाषेला हा पेच नाही. आपल्याकडे बाहुलाही आहे, बाहुलीही आहे आणि दोघांचं लग्नही थाटामाटात लागतं. म्हणून मी आपला बाहुलाच म्हणणार.

जाता जाता पैशाचं सांगतो. लुकास यांनी दिग्दर्शनाच्या मानधनात वाढ मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळण्यांसारख्या वस्तूंचे हक्क मागून घेतले. स्टुडिओनं ते दिले, कारण तेव्हा त्यांना फारशी किंमत नव्हती. पुढचा इतिहास त्या स्टुडिओला चांगलाच पाठ असेल.

आता पारख. भाच्यानं मला एक बाहुला दाखवला, तो एका जाड पारदर्शक पेटीत सीलबंद होता. आत पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर चित्रपटातला फोटो, त्यावर प्लॅस्टिकचा फुगीर बबल आणि बबलमध्ये पांढऱ्या चिलखतातला स्टॉर्मट्रूपर. १९७८-७९ मध्ये दुकानात खुंटीवर टांगलेला असेल तसाच. पेटीवर चांदीच्या रंगाची पट्टी, तिच्यावर आकडा ८०. अमेरिकेत ‘अॅक्शन फिगर अथॉरिटी’ नावाची संस्था आहे. बाहुला तिच्याकडे पाठवायचा, फी भरायची आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. तिथले परीक्षक कार्ड, बबल आणि बाहुला यांना वेगवेगळे गुण देतात, मग एक एकूण आकडा ठरतो. ८५ म्हणजे उत्तम. ९० च्या पुढे सोनेरी पट्टी. भाच्याचं कार्ड ८५ चं होतं, बाहुलाही चांगला होता, पण बबल किंचित पिवळा पडला होता आणि एका कोपऱ्यात नखाएवढा दबला होता. म्हणून ८०. त्या पाच गुणांचं दुःख भाच्याच्या बोलण्यात मला स्पष्ट ऐकू आलं. शालान्त परीक्षेत त्याचे गणिताचे गुण कमी आले होते तेव्हासुद्धा तो इतका हळहळला नव्हता.

मीही परीक्षक म्हणून बऱ्याच ठिकाणी बसलो आहे. काव्यस्पर्धांमध्ये आशयाला दहा, रचनेला दहा, सादरीकरणाला पाच असे रकाने आखलेला कागद हातात देतात. तो कागद भरताना परीक्षकाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, म्हणून या परीक्षकांची टिंगल मी करणार नाही. ते फार बारकाईनं बघतात. कार्डाच्या पाठीवर त्या वेळी निघालेल्या बाहुल्यांची चित्रं असत. बारा चित्रं असतील तर ते पहिल्या खेपेचं कार्ड, वीस किंवा एकवीस असतील तर नंतरचं. संग्राहक एवढ्यावरून वर्ष सांगतात. कार्डाला वर टांगण्यासाठी भोक असतं. त्या भोकाचा पुठ्ठा अजून तसाच चिकटून असेल, म्हणजे ते कार्ड कधी खुंटीवर टांगलंच गेलं नसेल, तर किंमत आणखी चढते. आणि कार्डावरचा खरेदीच्या पुराव्याचा छोटा चौकोन कापलेला असेल तर किंमत कोसळते.

या कापलेल्या चौकोनाची मला गंमत वाटली. १९७९ मध्ये केनरनंच मुलांना सांगितलं होतं की असे चार चौकोन कापून पाठवा, बोबा फेट नावाचा नवा बाहुला फुकट मिळवा. मुलांनी इमानेइतबारे कात्री चालवली. कंपनीचं ऐकणाऱ्या मुलाचं कार्ड आज ‘खराब’ ठरतं, आणि ज्यानं ऐकलं नाही किंवा ज्याच्या घरी ते कार्ड कपाटामागे पडून राहिलं त्याचं ‘चांगलं’.

त्या बोबा फेटची कथा तर न्यायाधीशानंच ऐकावी अशी आहे. त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून खटका दाबला की छोटं लाल अग्निबाण उडणार, अशी जाहिरात होती. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका अंतराळ-मालिकेच्या खेळण्यातलं असंच क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मूल दगावलं. केनरनं अग्निबाण पाठीला कायमचं चिकटवून टाकलं. बाण उडवणारे जे थोडे नमुने कारखान्यात चाचणीसाठी केले होते ते कुणा मुलाच्या हाती कधी गेले नाहीत. त्यातला एक, हातानं रंगवलेला, २०२४ मध्ये अमेरिकेत लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरांना गेला. मुलांना धोका म्हणून जे त्यांच्यापासून दूर ठेवलं, ते या जगातल्या सर्वांत महागड्या खेळण्यांपैकी एक ठरलं.

जिथे एवढा पैसा आहे तिथे नक्कल येणारच. इथे मात्र पारख करणाऱ्यांची खरी कसोटी लागते, आणि इथेच मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला. जावा नावाचा एक बुटका, टोपडं घातलेला प्राणी आहे. पहिल्यांदा तो निघाला तेव्हा त्याच्या अंगावर रेक्झिनसारख्या पातळ व्हायनिलचा झगा होता. बाहुला आधीच लहान, त्यात हा फाटका झगा, एवढ्याला सारखेच पैसे कसे घ्यायचे, असं कंपनीला वाटलं म्हणतात. थोड्याच दिवसांत कापडी झगा आला. कापडी झग्याचा जावा ढिगानं सापडतो, व्हायनिलचा दुर्मिळ. मग काय, बेन केनोबी या म्हाताऱ्या गुरूचा व्हायनिलचा झगा कापून जावाला चढवणारे निघाले. भाचा म्हणाला, मामू, रंग बघा, पोत बघा, बाही कुठे कापलीय ते बघा. त्यानं मला दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. पंधरा मिनिटांनी मलाही फरक दिसला. आमच्याकडे मुशायऱ्यात जुन्या उस्तादाच्या नावावर खपवलेला शेर जाणकार माणूस एका शब्दावरून ओळखतो, अगदी तसंच.

बाहुल्यांच्या हातातली इवलीशी शस्त्रं तर मूळ बाहुल्यांपेक्षा लवकर हरवली. कुठल्याही घरातल्या मुलाला विचारा. म्हणून नकली शस्त्रांचा बाजार मोठा. खरं शस्त्र पाण्यावर तरंगतं आणि नकली बुडतं, अशी एक घरगुती परीक्षा संग्राहक करत. पुढे नकली करणारेही तरंगणारं प्लॅस्टिक वापरू लागले, त्यामुळे आता नुसत्या पेलाभर पाण्यावर भागत नाही. बाहुल्याच्या पायाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं असतात: वर्ष, देश आणि जी. एम. एफ. जी. आय. ही आद्याक्षरं. जनरल मिल्स या कंपनीचा तो ‘फन ग्रुप’. म्हणजे सकाळच्या नाश्त्याचं सीरियल करणारी कंपनी केनरची मालकीण होती. भाचा भिंग लावून ही अक्षरं वाचतो, आणि कुठलं अक्षर किती ठसठशीत आहे त्यावरून कुठल्या साच्यातून निघालं ते सांगतो.

चुकांना तर वेगळाच मान. १९७८ मध्ये एका दुकानसाखळीसाठी केलेल्या संचात स्नॅगलटूथ नावाचं एक पात्र होतं. केनरच्या लोकांकडे त्याचा फक्त कमरेपर्यंतचा कृष्णधवल फोटो होता. त्यांनी अंदाजानं त्याला उंच केलं, निळा पोशाख दिला आणि पायात चंदेरी बूट घातले. प्रत्यक्षात ते पात्र बुटकं होतं, पोशाख लाल होता आणि पाय उघडे. नंतर बरोबर केलेला लाल बुटका स्नॅगलटूथ निघाला. आज लाल कुणीही देईल. निळा मिळवायला पैसे मोजावे लागतात. हान सोलोचेही दोन प्रकार आहेत, लहान डोक्याचा आणि मोठ्या डोक्याचा. कवी म्हणून मला मोठ्या डोक्याच्या हानविषयी सहानुभूती आहे.

हे सगळं झालं दुर्मिळतेचं आणि अवस्थेचं. पण बाहुला म्हणून बाहुला कसा आहे, हे कोण बघतं? भाच्याच्या खोलीत मी तेच बघत बसायचो. केनरच्या या पहिल्या बाहुल्यांना पाच सांधे. मान, दोन खांदे, दोन मांड्या. कोपर वाकत नाही, गुडघा वाकत नाही. चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके, भुवईची एक रेघ. ल्यूकचे केस लिंबासारखे पिवळे आणि त्याची प्रकाश-तलवारही पिवळी, चित्रपटात ती निळी आहे. ही तलवार त्याच्या पोकळ हातातून सरकून बाहेर येते. बस्स, एवढंच. अभिनेत्याशी चेहरा जुळतो असं कुणी म्हणणार नाही. तरीही तो उभा राहिला की ल्यूक असतो. साच्याच्या कारागिरानं किती थोडक्यात काम भागवलं आहे हे मला फार आवडलं. दोन ओळींत गोष्ट सांगायची असेल तर कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हा हिशेब त्या माणसाला कळला होता.

१९८५ मध्ये ही मालिका थांबली. तोवर सुमारे शंभर पात्रांचे बाहुले झाले होते. १९९५ मध्ये तोच धंदा पुन्हा सुरू झाला, तेव्हा केनर हॅसब्रोच्या ताब्यात होती. नव्या ल्यूकची छाती पैलवानासारखी, दंड फुगलेले, पाय फाकलेले. लेयाचा चेहरा तर चाहत्यांनाही पाहवेना. पुढे आणखी सुधारणा झाल्या. आताच्या सहा इंची बाहुल्यांना कोपर, मनगट, गुडघे, घोटे सगळं वाकतं, आणि चेहरा हुबेहूब अभिनेत्याचा. काम उत्तम आहे, नाकारत नाही. पण माझी पसंती विचाराल तर पाच सांध्यांना. हुबेहूब चेहऱ्याचा बाहुला एकच पात्र होऊ शकतो. दोन ठिपक्यांच्या डोळ्यांचा बाहुला मूल सांगेल ते होतं.

इथे गोव्याची एक आठवण जोडतो, कारण धागा खरा आहे. केनरचा पावणेचार इंचांचा आकार इतका यशस्वी झाला की १९८२ मध्ये हॅसब्रोनं आपला बारा इंची जी. आय. जो याच मापात नव्यानं काढला. भारतात एम. आर. एफ. आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी काढली, तिचा कारखाना गोव्यात. तिथे अमेरिकेतल्या साच्यांवरून जी. आय. जो तयार होऊ लागले, पण रंग आपल्याकडचे. अमेरिकेतल्या संग्राहकांना ठाऊक नसलेल्या भडक रंगांतले हे सैनिक आज तिकडे शोधून शोधून घेतले जातात. भाच्याच्या कपाटात एक आहे. पणजीहून दोन तासांत पोहोचता येईल अशा ठिकाणी लहानपण गेलेल्या कुणा मुलानं तो वाळूत पुरला असता, दाढेखाली धरला असता. तो ओहायोत काचेत उभा आहे. तुर्कस्तानातल्या ‘उझाय’ नावाच्या, परवानगी न घेता केलेल्या बाहुल्यांचंही असंच. उझाय म्हणजे अंतराळ. अस्सल नसूनही ते आता आपल्या अधिकारात दुर्मिळ झाले आहेत, आणि त्यांच्याही नकला निघतात. नकलेची नक्कल!

आता खोलीतल्या वादाकडे येतो. माझी आपा पाच वेळा नमाज पढणारी, साधी, स्पष्टवक्ती बाई. तिनं दोन दिवस ती खोली पाहिली आणि तिसऱ्या दिवशी मुलाला विचारलं, “हे खेळणं आहे की बुत आहे?” भाचा हसला. आपा हसली नाही. मूर्ती आणि चित्रं यांबाबत आमच्याकडे काय मतं आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. पण हदीसमध्ये हजरत आयेशांच्या बाहुल्यांचाही उल्लेख येतो. त्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कुठे असतात, असं पैगंबरांनी विचारलं, आणि सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाही का, असं उत्तर मिळाल्यावर ते मनमोकळे हसले. त्या आधारावर मुलांच्या खेळण्यातल्या बाहुल्यांना अनेक जाणत्यांनी मोकळीक दिली आहे. आपाचं म्हणणं एवढंच होतं की मूल ज्याच्याशी खेळतं ते खेळणं. काचेत ठेवून ज्याच्यापुढे मोठी माणसं हात मागे बांधून उभी राहतात त्याला काय म्हणायचं ते तूच सांग.

भाच्यानंही उत्तर दिलं, आणि ते लेचंपेचं नव्हतं. तो म्हणाला, “अम्मी, सगळ्यांनीच पाकिटं फोडली असती तर पहिला झगा कुठला, तलवार कुठे ठेवलेली असायची, कार्ड कसं होतं, हे आज कळलंच नसतं. मामूंच्या घरी जुन्या हस्तलिखिताची पानं आहेत. ती ते कुणाला हाताळू देतात का?” माझ्यावर आल्यामुळे मला बोलावं लागलं. मी म्हटलं, बरोबर आहे, मूळ प्रत जपावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या संग्रहालयात, जिथे खेळण्यांचं सन्मानदालन आहे, तिथे २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्यांची निवड झाली. कॅलिफोर्नियात पेटालुमा इथे स्टीव्ह सॅन्सवीट नावाच्या पूर्वीच्या पत्रकारानं एका जुन्या कोंबड्यांच्या फार्मवर या चित्रपटाच्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं आहे. ‘स्टार वॉर्स’च्या वस्तूंचा जगातला सर्वांत मोठा संग्रह म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. त्यातल्या शंभराहून अधिक वस्तू चोरीला गेल्याचं २०१७ मध्ये उघड झालं, आणि संशय विश्वासातल्याच एका मित्रावर होता. अशी ठिकाणं हवीतच. पण प्रत्येक घर हे संग्रहालय झालं तर काय होतं, तेही या बाहुल्यांनीच दाखवून दिलं आहे.

३ मे १९९९. मालिकेचा नवा चित्रपट येणार होता आणि त्याची खेळणी अमेरिकेतल्या दुकानांत मध्यरात्री विक्रीला आली. मोठी माणसं रांगा लावून उभी राहिली. १९७८ चे बाहुले किती महाग झालेत हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. म्हणून प्रत्येकानं एकाऐवजी तीन घेतले, चार घेतले, आणि एकही न फोडता माळ्यावर ठेवले. पुढे पोरांच्या कॉलेजची फी यातून निघेल, असा हिशेब. आज ते सगळे बाहुले जसेच्या तसे, कोरे करकरीत, माळ्यावर आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांकडेच आहेत. १९७८ चा बंद बाहुला महाग का? कोट्यवधी मुलांनी त्याचे भाऊबंद पहिल्याच दिवशी कार्डावरून ओरबाडून काढले, अंघोळीच्या टबात बुडवले, कुत्र्याला चावायला दिले, म्हणून. ८० आणि ८५ चे आकडे परीक्षक लिहितो, पण त्या आकड्यांमागची किंमत त्या मुलांनी निर्माण केली आहे. आणि त्यांच्याच बाहुल्यांना गुण सर्वांत कमी.

आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथे वाद्याची पारख करायला बसलेला माणूस आधी भोपळ्यावर टिचकी मारतो, मग तारा छेडतो. वाजवून न बघता सतारीला कुणी गुण दिले, तर म्हातारा कारागीर त्याला चहा पाजून परत पाठवेल. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मामू, सतार वाजवली की सुधारते. प्लॅस्टिक खेळलं की झिजतं.” मुद्दा त्याचा बरोबर होता. पण पेटीतलं प्लॅस्टिकही थांबून राहत नाही. पांढरे स्टॉर्मट्रूपर उन्हाशिवायही पिवळे पडतात, बबल ठिसूळ होतो, डिंक सुटतो, काही बाहुल्यांच्या अंगावर चिकट थर येतो. पिवळेपणा घालवायला काही जण हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात, आणि ती लबाडी की दुरुस्ती यावर संग्राहकांत भांडणं होतात.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०२४ मध्ये भाच्याची नोकरी गेली. सात महिने दुसरी लागली नाही. घराचा हप्ता होता, विम्याचा प्रश्न होता. पेटीतले तीन बाहुले त्यानं विकायला काढले, आठवड्याच्या आत तिन्ही गेले. त्या पैशांवर चार महिने निघाले. आपा त्यावर काही बोलली नाही. तिनं फक्त फोनवर विचारलं की विकताना जीव तुटला का. तो म्हणाला, स्टॉर्मट्रूपरच्या वेळी तुटला. ८० का असेना, पहिला होता.

सुटे बाहुले त्यानं विकले नाहीत, कारण त्यांना जे मिळालं असतं ते बांधाबांध आणि टपालातच गेलं असतं. तलवारी हरवलेले, रंग उडालेले, एका पायानं लंगडे असे तीसेक आहेत. खोलीतली काच निघाली आणि ते सगळे एका बुटाच्या खोक्यात भरून त्याच्या सहा वर्षांच्या मुलाच्या ताब्यात गेले. मध्यंतरी फोनच्या पडद्यावर त्या पोरानं मला आर-टू-डी-टू दाखवला, १९७८ चा. त्याच्या पोटाभोवतीचं कागदी स्टिकर अर्धं फाटलं आहे. फाटलेल्या भागातल्या रेघा आणि चौकोन पोरानं निळ्या बॉलपेननं स्वतः काढून पूर्ण केले आहेत. त्या बाहुल्याचं डोकं फिरवलं की आतून टिकटिक असा आवाज येतो, मुळापासूनच तशी रचना आहे. पोरानं फोन जवळ नेऊन ते मला चार वेळा ऐकवलं. मी भाच्याला विचारलं, बंद पेटीतला आर-टू तपासतात तेव्हा हा आवाज कसा बघतात? तो म्हणाला, “नाही बघत, मामू. उघडल्याशिवाय वाजणार कसा?” पाठीमागून पोराचा पाचव्यांदा टिकटिक आवाज आला.